अडुसष्ट किलोंना पुरेल असं इंजिन

“वजन सांग.”

“नाही सांगणार.”

“अगं, इंजिन निवडायचंय. कुणाला ओढायचंय तेच ठाऊक नसेल तर निवडू कसं?”

“कुणाला ते ठाऊक आहे ना? मला. एकतीस वर्षं समोर बसून जेवताय, तेवढी ओळख पुरे.”

“समोर बसून वजन कळत नाही.”

“मग उचलून बघायचं होतं वेळेवर. आता गुडघे वाजायला लागल्यावर चौकशा.”

भांडणाचा हा तिसरा दिवस होता. काका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चौकटीची वही उघडून बसले होते. ताई ओट्याशी उभ्या राहून बटाटे सोलत होत्या आणि राग चढेल तशी साल जाड निघत होती. दोन बटाटे तर सुपारीएवढे उरले. वहीत ‘स्की करणाऱ्याचं वजन’ असं लिहून पुढे काकांनी दोन टिंबं दिली होती, आणि त्या टिंबांपुढे तीन दिवस कोरं होतं.

काका लिफ्टवाले. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट बसवल्या, दुरुस्त केल्या, आणि आता त्या तपासून दाखले द्यायचे. सगळं गाव त्यांना ‘पुरतंयकाका’ म्हणायचं, कारण कशाबद्दलही विचारलं की ते आधी डोळे बारीक करून अंदाज घ्यायचे आणि मग म्हणायचे, “पुरतंय की.” घरात दोन खोल्यांत मिळून एक पंखा होता. मधलं दार उघडं ठेवलं की पुरतंय. चष्म्याची एक काडी मोडली होती. दुसरा कान आहे, पुरतंय. पण यात कंजूषपणा नव्हता हो. जेवढं लागतं तेवढंच द्यावं, त्याच्यावर एक दाणाही जास्त गेला तर तो हिशेब न जमल्याचा पुरावा, अशी त्यांची श्रद्धा होती. आणि त्या श्रद्धेला जोड होती ती त्यांच्या शब्दाची. काकांनी कागदावर लिहिलेला आकडा चुकला असं चाळीस वर्षांत कधी झालं नव्हतं. इमारतीतली माणसं नव्या लिफ्टमध्ये पाऊल टाकण्याआधी वर चिकटवलेल्या दाखल्यावर काकांची सही शोधायची, सापडली की निर्धास्त होऊन केस विंचरायला लागायची.

आता लिफ्टच्या धंद्यात माणूस असतो अडुसष्ट किलोंचा. तसा नियमच आहे. आठ माणसं म्हणजे पाचशे चव्वेचाळीस किलो, पाटीवर तसंच कोरलेलं असतं. चाळीस वर्षं हा नियम पाळून काकांच्या लेखी जगातली सगळी माणसं अडुसष्ट किलोंची झाली होती. पुतणी जन्मली तेव्हा ती तीन किलोंची होती. काका पाळण्यात डोकावून म्हणाले, पासष्ट कमी आहेत, भरून निघतील.

ताईंची गोष्ट वेगळी. तळ्याकाठच्या बोट क्लबात तिकिटाच्या खिडकीत बसून त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. खिडकी उघडायची ती गाड्या लावायच्या मैदानाकडे. तळं पाठीमागे, मध्ये भिंत. सव्वीस वर्षांत त्यांनी तळं पाहिलं ते परत येणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवर. वल्ह्याची बोट करून आलेले दमून यायचे, पायाने चालवायच्या बोटीतून आलेले भांडून यायचे, आणि वॉटर-स्कीइंग करून आलेले मात्र काही बोलायचेच नाहीत. केसांतून पाणी गळत, ओठ निळे पडलेले, आणि चेहऱ्यावर असं काही की ताईंना वाटायचं, यांना आत्ता कुणी तरी नाव विचारलं तर सांगता येणार नाही. तो चेहरा त्यांना एकदा स्वतःला हवा होता.

क्लबात एक रीत होती. निवृत्त होणाऱ्याला शेवटच्या दिवशी क्लबातली कुठलीही एक गोष्ट करायला मिळायची, आणि बाकी सगळे खुर्च्या टाकून ती बघायचे. माळ्याने एकदा नौकेतून तळ्याला फेरी मारली. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने मागितलं की मला सेक्रेटरींच्या खुर्चीत तासभर झोपू द्या. तो झोपला, सगळ्यांनी गप्प बसून तासभर पाहिलं, आणि उठल्यावर टाळ्या वाजवल्या. ताईंनी अर्जात लिहिलं, वॉटर-स्कीइंग.

अडचण एवढीच होती की स्कीच्या बोटीचं इंजिन गेल्या वर्षी तडकलं होतं. स्कीइंग बंद होतं. तिकिटं मात्र चालू होती, कारण तिकिटं बंद करायचा ठराव कुणी मांडला नव्हता. लोक तिकीट घ्यायचे, धक्क्यावर जाऊन नुसत्या पाण्याकडे बघायचे आणि घरी जायचे. तक्रार एकाचीही आली नव्हती.

ताईंचा अर्ज आला म्हटल्यावर नवं इंजिन घेणं भाग पडलं. तिघांची समिती नेमली गेली. एक सेक्रेटरी, दुसरे कानाचे डॉक्टर, कारण इंजिनाचा आवाज होतो, आणि तिसरे पुरतंयकाका, कारण क्लबाच्या दुमजली इमारतीतली लिफ्ट तेच तपासायचे आणि मोटर म्हणजे मोटर. किती ताकदीचं इंजिन घ्यायचं हे काकांनी लिहून द्यायचं. निरोपाच्या रविवारला अकरा दिवस होते.

काका इंजिनाच्या दुकानात गेले तिथे तिशीतली एक मुलगी होती, हाताला कोपरापर्यंत ग्रीस. तिने बोटीची लांबी विचारली, बोटीत किती माणसं बसणार ते विचारलं. काका म्हणाले, एक चालवणारा. तिने सांगितलं, दोन धरा, मागे तोंड करून बघणारा लागतोच, स्की करणारा पडला तर कळायला. मग तिने जराही विचार न करता सांगितलं, नव्वद एचपी.

काकांना ठसका लागला. त्यांनी तिला समजावलं की साडेसात एचपीच्या मोटरवर आपण आठ माणसं पंधराव्या मजल्यापर्यंत उचलतो, तीही सरळ वर. इथे तर एकच बाई, तीही आडवी न्यायची. नव्वद म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

मुलगी शांत होती. तिने सांगितलं की पळवायला फार ताकद लागत नाही, एकदा माणूस पाण्यावर आला की तो लोण्यावरून सुरी जावी तसा जातो. खरी लढाई पहिल्या आठ-दहा सेकंदांची. माणूस पाण्यात उकिडवा बसलेला असतो, आणि पाणी त्याला सोडत नाही. त्यात बोटीलाही त्याच वेळी नाक खाली आणून वेग पकडायचा असतो. इंजिन तिथे कमी पडलं की मग माणूस उठतच नाही, नुसता फरपटतो. “आणि वजन खरं सांगा,” ती म्हणाली. “माझ्याकडे सगळे दहा किलो कमी सांगतात आणि मग बोटीला नावं ठेवतात.”

म्हणून ते भांडण. तीन दिवसांनी काकांनी बोलणं सोडलं आणि हातपाय हलवले.

चौथ्या दिवशी सकाळी ताई कामावर निघाल्या तेव्हा त्यांच्या मजल्यावर लिफ्ट दार उघडं ठेवून उभी होती. काका बाहेर, हातात हातमोजे. आतमध्ये तपासणीची लोखंडी वजनं भिंतीला लावून रचलेली, वीस-वीस किलोंची सत्तावीस आणि वर किलोकिलोची चार. पहाटेपासून हातगाडीच्या नऊ खेपा करून त्यांनी ती चढवली होती. लिफ्टची घंटा त्यांनी अशी बांधून ठेवली होती की पाचशे चव्वेचाळीसच्या वर एक किलोही गेला की वाजेल.

“ये आत,” काका म्हणाले. “तपासणी चाललीय. एक माणूस कमी आहे.”

ताईंना घाई होती. त्या आत गेल्या. घंटा वाजायला लागली.

काकांनी एक विसाचं वजन बाहेर काढलं. घंटा वाजतच होती. दुसरं काढलं. तिसरं. खालून पाचव्या मजल्यावरच्या वकिलांनी ओरडून विचारलं की लिफ्टला काय झालंय. काकांनी चौथं काढलं. घंटा थांबेना. ताईंच्या आता लक्षात आलं होतं. बाहेर पडावं तर पडता येत होतं, दार उघडंच होतं, पण त्या पर्स छातीशी धरून समोरच्या भिंतीकडे बघत तशाच उभ्या राहिल्या. पाचवं वजन बाहेर आलं आणि घंटा गप्प झाली. मग काका बाहेरच्या पेटीतली किलोकिलोची वजनं एकेक करून आत ठेवू लागले. एक, दोन, तीन. जिन्यावर वकील येऊन उभे राहिले होते, त्यांच्यामागे त्यांची बायको. ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभे असल्यासारखे सगळे. अठरावं ठेवलं आणि घंटा पुन्हा वाजली. काकांनी ते उचललं.

ताईही मोजत होत्या. सव्वीस वर्षं त्यांनी तिकिटं मोजली होती, त्यांना मोजल्यावाचून राहता येत नव्हतं.

त्यांनी काकांकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर काकांना सवय होती. कपड्यांच्या मोठ्या दुकानात आपल्याच मापाचं काही नाही असं कळल्यावर माणूस जसा विक्रेत्याकडे बघतो, तशा त्या बघत होत्या. मग लिफ्टमधून बाहेर आल्या आणि जिन्याने खाली गेल्या, वकिलांच्या बाजूने, पर्स तशीच छातीशी.

काका घरात येऊन वहीसमोर बसले. पेन उघडलं. बराच वेळ टिंबांकडे बघत राहिले. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून असं झालं की मोजलेलं एक होतं आणि लिहिलं दुसरं. त्यांनी लिहिलं, अडुसष्ट. माणूस अडुसष्टचा असतो, नियम आहे, असं स्वतःशी म्हणाले. खाली सही केली, शिक्का मारला, आणि घटाघट दोन ग्लास पाणी प्यायले.

पण लिहून टाकलेल्या आकड्याला जागणं भाग होतं. अडुसष्ट किलोंना किती ताकद पुरेल? काकांनी रात्री जेवणानंतर पानंच्या पानं भरली. लिफ्टच्या दोराला दुसऱ्या टोकाला काउंटरवेट असतं, तोलाचं वजन, म्हणून मोटरला माणसं उचलावी लागतच नाहीत, फक्त दोन्हींतला फरक उचलावा लागतो. मग बोटीला काउंटरवेट का नको? मागे दोरीला ताई, अडुसष्ट. पुढे बोटीच्या नाकात लोखंड, अडुसष्ट. फरक शून्य. शून्याला पंचवीस एचपी म्हणजे चैन.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे इंजिनवाल्या मुलीला फोनवर समजावलं. तिने ते सगळं ऐकून घेतलं.

“काका,” ती शेवटी म्हणाली, “तुमच्या दोराला वर कप्पी असते. तळ्यात कप्पी कुठे टांगणार?”

काकांना हा प्रश्न बारीकसा वाटला. सेक्रेटरींना तर पंचवीस फारच आवडलं, कारण पंचवीसचं इंजिन दोन माणसांना उचलून कार्यालयातल्या कपाटात कुलूप लावून ठेवता येणार होतं. नव्वदचं कुठल्या कपाटात ठेवणार? ठराव झाला. मुलीने पंचवीसचं एक इंजिन चाचणीसाठी पाठवून दिलं, बरोबर चिठ्ठी, की पसंत पडलं नाही तर शनिवारच्या आत कळवा.

चाचणी बुधवारी. धक्क्यावर समितीच्या तीन खुर्च्या. ताई पोहायच्या पोशाखावर जाकीट बांधून पायऱ्या उतरल्या. त्यांनी खिडकीला ‘जेवणाची वेळ’ अशी पाटी लावली होती आणि सकाळचे दहा वाजले होते. काकांनी त्याआधी बोटीच्या नाकात मोजून अडुसष्ट किलो लोखंड रचलं होतं. बोट पाण्यात तोंड खुपसून उभी होती, चारा खाणाऱ्या गाईसारखी.

ताई पाण्यात उकिडव्या बसल्या, स्कीची टोकं वर. दोरी ताणली गेली. बोट चालवणाऱ्याने पूर्ण जोर दिला. इंजिन किंचाळलं. कानाच्या डॉक्टरांनी वहीत काही तरी टिपून घेतलं.

आणि ताई उठल्या नाहीत. निघाल्या मात्र. मानेपर्यंत पाण्यात, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून, तोंडावर येणारं पाणी फू फू करून उडवत त्या बोटीमागे जाऊ लागल्या, साधारण म्हैस पोहते त्या वेगाने. बोट चालवणारा थांबायला तयार, पण नियम असा की दोरी सोडल्याशिवाय थांबायचं नाही, आणि ताई दोरी सोडेनात. सगळ्या तळ्याची फेरी झाली. काठावरचे लोक जेवणाची वेळ संपायची वाट बघत होते. त्यांना वाटलं हा नवा प्रकार सुरू झालाय, आणि दोघा-तिघांनी याचं तिकीट वेगळं आहे का म्हणून चौकशी केली.

काका धक्क्यावर उभे होते. पहिल्या दहा सेकंदांतच त्यांना कळलं होतं. पुढची सतरा मिनिटं त्यांनी ते नुसतं पाहिलं.

परत आल्यावर ताई पायरीवर बसल्या. काकांनी टॉवेल पुढे केला. त्यांनी तो घेतला, केस पुसले आणि म्हणाल्या, “मी वाकायला नको होतं का?”

काकांनी मान हलवली, ती हो होती की नाही कुणालाच कळलं नाही.

दुपारी कार्यालयात समिती बसली. कार्यालय आणि तिकिटाची खोली यांच्यात एक झरोका होता. ताईंनी त्यातून डोकं घातलं आणि सांगितलं की इंजिन कमी पडतंय, ते बदलून द्यावं. सेक्रेटरी फार सभ्य माणूस. त्यांनी विनंती ऐकून घेतली आणि सांगितलं की ठरावातला एखादा आकडा चुकीचा ठरल्याशिवाय ठराव बदलता येत नाही. मग त्यांनी कागद काढून वाचला. बोटीची लांबी. चालवणारा. स्की करणाऱ्या व्यक्तीचं वजन, अडुसष्ट किलो.

झरोक्यातलं डोकं आणखी आत आलं.

“अडुसष्ट?” ताई म्हणाल्या.

“सही आहे, शिक्का आहे.”

“मी त्र्याऐंशी आहे.”

सेक्रेटरींनी कागदाकडे पाहिलं, मग झरोक्याकडे. म्हणाले, ताई, तुमची काही तरी चूक होत असेल. कानाचे डॉक्टरही म्हणाले, छे हो, सत्तरच्या आतच दिसता. ज्या बाईने एकतीस वर्षं हा आकडा नवऱ्यापासून, डॉक्टरांपासून आणि स्वतःपासून लपवला, ती आता झरोक्यात मान अडकवून तो सिद्ध करायला निघाली. म्हणाली, माझे ब्लाउज बघा, माझ्या खुर्चीचा पाय बघा कसा वाकलाय. सेक्रेटरी समजुतीने हसत राहिले. म्हणाले, माणसाला स्वतःबद्दल असं वाटतं कधी कधी. मनाला लावून घेऊ नका. कागदावर लिफ्टवाल्यांची सही आहे, आणि लिफ्टवाल्यांचा आकडा चुकत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुम्ही अडुसष्टच आहात.

“मग मी उठले का नाही?”

“सराव कमी,” कानाचे डॉक्टर म्हणाले.

ताईंनी काकांकडे पाहिलं. झरोका खाली होता, काका खुर्चीत, त्यामुळे बऱ्याच वर्षांनी दोघांचे डोळे अगदी एका पातळीवर आले होते. अजून न वाळलेले केस गालाला चिकटले होते, हनुवटीवर दोरीचा वळ. रविवारला चार दिवस होते.

काका उठले. टेबलाजवळ गेले.

“त्र्याऐंशी बरोबर आहे,” ते म्हणाले. “मी मोजलं होतं. लिफ्टमध्ये, वजनं लावून. एक किलो इकडचा तिकडे नाही.”

“आणि हे?” सेक्रेटरींनी कागदावर बोट ठेवलं.

“ते मी खोटं लिहिलं.”

कानाच्या डॉक्टरांनी कानात बोट घालून हलवलं, नीट ऐकू आलं का ते बघायला.

काकांनी सेक्रेटरींच्या हातातलं पेन घेतलं. अडुसष्टवर सरळ रेघ मारली, शेजारी त्र्याऐंशी लिहिलं, पंचवीस खोडून नव्वद लिहिलं, आणि दोन्हीकडे सही केली. नेहमीची सही एका झटक्यात व्हायची. ही दोन्ही वेळा हळू झाली, अक्षर अन् अक्षर वाचता येईल अशी. मग फोन उचलून त्यांनी इंजिनवाल्या मुलीला सांगितलं, नव्वद, आणि शनिवारी नको, शुक्रवारीच आण, बसवायला वेळ हवा. पलीकडून ती काही तरी म्हणाली. काका म्हणाले, हो, लोखंड काढतो.

सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरची समजूत एव्हाना उतरली होती. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे चौकटीत लिफ्टचा दाखला लावलेला होता, गेल्याच महिन्यातला. त्याच सहीचा. मग त्यांनी खिडकीतून समोरच्या सहामजली इमारतीकडे पाहिलं, तिच्यामागच्या दवाखान्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हात आपोआप टेबलाच्या कडेला घट्ट बसला.

“एक मिनिट,” ते म्हणाले. “म्हणजे तुम्ही असं लिहिता? माणसाला वाईट वाटू नये म्हणून? मग या गावातल्या बाकीच्या लिफ्टांचं काय समजायचं आम्ही?”

काकांनी पेनाला टोपण लावलं. पेन टेबलावर नीट, कागदाला समांतर ठेवलं. झरोक्याकडे एकदा पाहिलं आणि दार उघडून बोटीतलं लोखंड काढायला धक्क्याकडे चालू लागले.